हौशी रेडिओच्या दीर्घ लहरी : प्रवर्धक आणि अँटेना यांचा मेळ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बाधित गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटला. त्या काळात निरोप पोहोचविण्याच्या कामी हौशी रेडिओ संचालक पुढे आले. जानेवारी २००१ मधील कच्छचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या प्रसंगीही हेच घडले. त्सुनामीच्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअर येथे हौशी प्रक्षेपणासाठीच गेलेल्या होत्या. त्यांचे केंद्र काही तासांतच आपत्कालीन केंद्र बनले. भ्रमणध्वनीचे जाळे आज खेडोपाडी पोहोचले असले, तरी त्याचा मनोरा, त्याची वीज आणि त्याला जोडणारी केबल या तिन्ही गोष्टी शाबूत असतील तोवरच ते चालते. हौशी रेडिओला एक संच, एक बॅटरी आणि एक तार पुरते.

यातील ‘एक तार’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. संचातून निघालेली शक्ती तारेत जाते किती आणि तारेतून अवकाशात प्रारित होते किती, या प्रश्नाचे उत्तर वारंवारिता जसजशी कमी होते तसतसे निराशाजनक होत जाते. त्यामुळे कमी वारंवारितेच्या हौशी रेडिओत प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि अँटेना यांचा मेळ घालणे हेच मुख्य अभियांत्रिकी काम होऊन बसते. भौतिकशास्त्र, दूरसंचार अथवा आपत्ती व्यवस्थापन या विषयांच्या परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय सूत्रांच्या रूपाने भेटतो. प्रत्यक्ष जागेवर नेऊन ठेवल्यास तीच सूत्रे वेगळी दिसतात.

बख्शी का तालाब

लखनौ शहराच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या मार्गावर बख्शी का तालाब हे तहसिलीचे ठिकाण आहे. येथे भारतीय वायुदलाचे स्थानक आहे. उत्तर प्रदेशची दीनदयाळ उपाध्याय राज्य ग्रामीण विकास संस्थाही येथेच असून ग्रामविकासाशी संबंधित कर्मचारी व लोकप्रतिनिधी यांचे प्रशिक्षण तेथे होते. पश्चिमेकडे मलिहाबादचा आंब्याच्या बागांचा प्रसिद्ध पट्टा आहे. याच मार्गाने उत्तरेस गेले की सीतापूर, लखीमपूर खीरी आणि बहराइच हे शारदा व घाघरा या नद्यांच्या पुराचा वारंवार फटका सोसणारे जिल्हे लागतात.

कमी वारंवारितेच्या रेडिओचा अभ्यास करण्यास ही जागा तीन कारणांनी चांगली आहे. पूरग्रस्त भाग साठ ते दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात येतो आणि जमिनीला धरून जाणाऱ्या लहरींना हे अंतर सोयीचे असते. येथील जमीन गंगेच्या मैदानातील गाळाची आहे. तिसरे कारण अडचणीचे आहे : वायुदलाचे धावपट्टीचे स्थानक शेजारी असल्यामुळे उंच मनोरा उभारण्याचा विचार सहजासहजी करता येत नाही. विमानतळांच्या परिसरातील बांधकामे व मनोरे यांची उंची नियंत्रित करणारे केंद्रीय नियम २०१५ मध्ये अधिसूचित झाले असून ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय अशी उभारणी करता येत नाही. तेव्हा येथे अँटेना आखूडच असणार, हे गृहीत धरून हिशेब करावा लागतो.

लहर किती लांब, तार किती उंच

रेडिओ लहरीची तरंगलांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ३,००,००० या संख्येला किलोहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे. ३० ते ३०० किलोहर्ट्झ हा कमी वारंवारितेचा पट्टा आणि ३०० ते ३,००० किलोहर्ट्झ हा मध्यम वारंवारितेचा पट्टा मानला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००७ मधील जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ मधील परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे दोन अरुंद पट्टे हौशी सेवेला दुय्यम तत्त्वावर दिले. त्यांना अनुक्रमे २२०० मीटर आणि ६३० मीटर पट्टा म्हणतात. त्याहून वरचा, जुना व परिचित पट्टा १६० मीटरचा. भारतात तो १८२० ते १८६० किलोहर्ट्झ असा आहे. जागतिक वाटप झाले म्हणून प्रत्येक देशात आपोआप मुभा मिळते असे नाही. राष्ट्रीय वारंवारिता वाटप योजना आणि स्वतःच्या परवान्यातील अटी पाहूनच प्रक्षेपण करावयाचे असते. परीक्षेत हा भेद हमखास विचारला जातो आणि उमेदवार तेथे हमखास चुकतात.

जमिनीवर उभी अँटेना सहजतेने काम करण्यासाठी तिची उंची तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असावी लागते. १८४० किलोहर्ट्झला ही उंची सुमारे ४१ मीटर येते, ४७५ किलोहर्ट्झला १५८ मीटर आणि १३६.८ किलोहर्ट्झला ५४८ मीटर. कुतुबमिनारची उंची सुमारे ७२.५ मीटर आहे. म्हणजे २२०० मीटरच्या पट्ट्यासाठी साडेसात कुतुबमिनार एकावर एक रचावे लागतील. हौशी संचालकाच्या अंगणात बांबूच्या अथवा लोखंडी नळीच्या आधाराने १२ मीटरची तार उभी राहिली तरी पुष्कळ झाले.

व्यावसायिक संस्थांनाही ही अडचण चुकलेली नाही. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२४ मध्ये सुरू झालेले दीर्घ लहरींचे केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर चालत असे. त्यासाठी १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे उभारण्यात आले. तरीही तरंगलांबीच्या मानाने ती अँटेना ठेंगणीच ठरते. हे केंद्र २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. भारतीय नौदलाचे तामिळनाडूतील आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्रही अतिकमी वारंवारितेवर पाणबुड्यांशी संपर्क साधण्यासाठी आहे, कारण या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरू शकतात. असे मनोरे व अशी शक्ती परवडत नाही म्हणूनच १९२० च्या दशकात जगाने दीर्घ लहरींकडून लघु लहरींकडे मोर्चा वळविला. पुण्याजवळ दापोडी येथे प्रक्षेपण आणि दौंड येथे ग्रहण अशी व्यवस्था करून १९२७ मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात सुरू झालेली बीम बिनतारी सेवा त्याच बदलाचे फलित होते. यात एक गंमत आहे. २०० मीटरखालील लघु लहरी निरुपयोगी समजून अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्या हौशी मंडळींच्या पदरात टाकल्या होत्या; त्यांचा दूरपल्ला हौशी संचालकांनीच दाखवून दिला. शंभर वर्षांनंतर तीच मंडळी व्यावसायिकांनी बव्हंशी सोडलेल्या दीर्घ लहरींकडे परतली आहेत.

प्रारण रोध आणि हानी रोध

अँटेनाला दिलेली शक्ती दोन ठिकाणी खर्च होते. एक भाग लहरींच्या रूपाने निघून जातो. गणिताच्या सोयीसाठी तो एका काल्पनिक रोधात खर्च झाला असे मानतात आणि त्या रोधाला प्रारण रोध म्हणतात. दुसरा भाग तारेत, कॉइलमध्ये, आसपासच्या झाडांत आणि मुख्यतः जमिनीत उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तो हानी रोध. प्रारण रोधाला एकूण रोधाने भागले की अँटेनाची कार्यक्षमता मिळते.

आखूड उभ्या तारेचा प्रारण रोध उंची आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो. उंची निम्मी झाली की तो एक चतुर्थांश होतो. केवळ उभी तार असेल तर प्रवाह खालून वर कमी होत टोकाशी शून्य होतो. तिच्या माथ्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराप्रमाणे आडव्या तारा लावल्यास प्रवाह उभ्या भागात जवळजवळ सारखा राहतो आणि प्रारण रोध चौपटीपर्यंत वाढू शकतो. अशा माथाभारित अँटेनासाठी सूत्र असे आहे : प्रारण रोध = १५८० × (उंची ÷ तरंगलांबी)².

बख्शी का तालाब येथे १२ मीटर उंचीची उभी तार आणि माथ्यावर एकूण ३० मीटर आडवी तार लावली, असे समजू. ४७५ किलोहर्ट्झला तरंगलांबी ६३२ मीटर. प्रारण रोध येतो ०.५७ ओहम. माथ्यावरील तार नसती तर तो ०.१४ ओहम असता. १३६.८ किलोहर्ट्झला हाच रोध ०.०५ ओहमपेक्षाही कमी भरतो. १८४० किलोहर्ट्झला मात्र तो सुमारे ८ ओहम आहे.

आता हानी रोध पाहा. जमीन व कॉइल मिळून १६० मीटरच्या पट्ट्यात तो १५ ओहम, ६३० मीटरला ४० ओहम आणि २२०० मीटरला ८० ओहम आहे असे धरले, तर अशा लहान अंगणातील केंद्रासाठी ते वास्तवाला सोडून नाही. त्यावरून १६० मीटरला कार्यक्षमता सुमारे ३५ टक्के, ६३० मीटरला १.४ टक्के आणि २२०० मीटरला ०.०६ टक्के निघते. प्रवर्धकातून शंभर वॅट सोडले, तर ६३० मीटरच्या पट्ट्यात प्रारित होतात जेमतेम दीड वॅट. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव वॅट जमीन आणि कॉइल तापविण्यात जातात.

हे आकडे पाहून हा छंद अव्यवहार्य वाटेल. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांत या दोन्ही पट्ट्यांत प्रवर्धकाच्या शक्तीवर नव्हे, तर प्रारित शक्तीवर मर्यादा आहे. सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या आदर्श अँटेनाच्या तुलनेत १ वॅट एवढीच परिणामी शक्ती सर्वसाधारणपणे अनुज्ञेय आहे. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झमध्ये काही देशांत अटींसह ५ वॅटपर्यंत जाता येते. जमिनीवरील आखूड उभी अँटेना आपली शक्ती क्षितिजाच्या दिशेने एकवटत असल्याने तिचा लाभांक सुमारे ३ असतो. म्हणून १ वॅटची मर्यादा गाठण्यास ०.३३ वॅट प्रारित होणे पुरेसे. १.४ टक्के कार्यक्षमतेने त्यासाठी प्रवर्धकातून सुमारे २४ वॅट हवेत. २२०० मीटरला मात्र तेवढ्याचसाठी ५६० वॅटच्या घरात शक्ती लागते. पहिला आकडा मोटारीच्या बॅटरीवर चालणारा आहे, दुसरा नाही. आपत्कालीन वापराच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

मेळ घालण्याच्या तीन पायऱ्या

प्रवर्धक आणि अँटेना यांच्यातील मेळ म्हणजे एकच क्रिया नव्हे.

पहिली पायरी प्रवर्धकाच्या आतच असते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला २४ वॅट बाहेर टाकावयाचे असतील, तर त्याला दिसणारा भार किती ओहमचा असावा, याचे साधे सूत्र आहे : विद्युत दाबाचा वर्ग भागिले दुप्पट शक्ती. १४४ ला ४८ ने भागले की ३ ओहम येतात. केबल व मापक उपकरणे मात्र ५० ओहमची असतात. म्हणून फेराइट गाभ्यावरील रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने, हे अंतर भरून काढतात. फेऱ्यांचे गुणोत्तर १ : ४ असल्यास संरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सोळा पट वाढतो आणि ३ ओहमचे ४८ ओहम होतात.

येथे पाठ्यपुस्तकातील महत्तम शक्ती हस्तांतरणाच्या प्रमेयाबद्दल एक गैरसमज आढळतो. भाराचा रोध स्रोताच्या अंतर्गत रोधाइतका असला की महत्तम शक्ती मिळते, हे खरे. परंतु त्या स्थितीत निम्मी शक्ती स्रोतातच वाया जाते. आधुनिक प्रवर्धकात ट्रान्झिस्टर उघडझाप करणाऱ्या बटणासारखा वापरतात व ८० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवतात. तेथे अंतर्गत रोधाशी बरोबरी साधण्याचा प्रश्नच नसतो. ज्या भारासाठी प्रवर्धक आखला आहे तो भार त्याला दाखविणे, एवढाच मेळाचा अर्थ. ८० टक्के धरल्यास २४ वॅटसाठी बॅटरीतून ३० वॅट, म्हणजे अडीच अँपियर घेतले जातात.

अशा प्रवर्धकातून मूळ वारंवारितेच्या पटीतील लहरीही निघतात. ४७५ ची दुप्पट ९५० आणि तिप्पट १४२५ किलोहर्ट्झ. दोन्ही थेट मध्यम लहरींच्या नभोवाणी पट्ट्यात येतात. पुण्याचे ७९२ किंवा लखनौचे ७४७ किलोहर्ट्झ लावून बसलेल्या ग्रामीण श्रोत्याचा संच या पट्ट्यात कोठेही बिघडू नये, यासाठी प्रवर्धकानंतर नीचगामी गाळणी बसविणे अनिवार्य आहे. गाळणीही ५० ओहमच्या भारासाठी आखलेली असते. पुढचा मेळ चुकला तर तीही नीट गाळत नाही.

दुसरी पायरी अनुस्पंदनाची. आखूड अँटेना विद्युतदृष्ट्या एक लहान धारित्र असते. वरील तारेची धारकता सुमारे २२० पिकोफॅरड धरल्यास ४७५ किलोहर्ट्झला ती प्रवाहास १५२० ओहमइतका विरोध करते. अर्धा ओहम प्रारण रोधाच्या वाटेत हा डोंगर उभा असतो. त्याला विरुद्ध गुणधर्माच्या कॉइलने खोडून काढावे लागते. त्यासाठी ५१० मायक्रोहेन्रीची भारक कॉइल अँटेनाच्या पायथ्याशी बसवितात. १३६.८ किलोहर्ट्झला हाच विरोध ५२९० ओहम होतो आणि कॉइल ६ मिलिहेन्रीहून मोठी लागते. प्लॅस्टिकच्या बादलीवर अथवा पाण्याच्या जाड नळीवर तांब्याची तार गुंडाळून अशा कॉइली हौशी मंडळी घरीच करतात. कॉइलच्या तारेचा स्वतःचा रोधही हानीत भर घालतो, त्यामुळे जाड तार आणि फेऱ्यांमध्ये थोडे अंतर ठेवणे फायद्याचे असते.

या कॉइलच्या वरच्या टोकाशी निर्माण होणारा विद्युत दाब ही दुर्लक्षिता न येणारी बाब आहे. २४ वॅटला अँटेनातील प्रवाह सुमारे पाऊण अँपियर असतो. त्याला १५२० ने गुणले की जवळपास १२०० व्होल्ट होतात. २२०० मीटरच्या उदाहरणात ५६० वॅटला २.६५ अँपियर प्रवाह आणि १४,००० व्होल्ट दाब येतो. दमट हवेत तारेच्या टोकांशी निळसर ठिणग्या दिसू शकतात. बॅटरीवरचा संच म्हणून निर्धास्त राहणे येथे घातक ठरेल. कॉइलभोवती कुंपण आणि माणसांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर तार, ही किमान खबरदारी होय.

तिसरी पायरी उरलेल्या रोधाची. धारकता खोडली गेल्यावर केबलला दिसतो तो प्रारण व हानी मिळून ४०.६ ओहमचा शुद्ध रोध. तो ५० ओहमशी जुळविण्यासाठी लहान रोहित्र वापरतात. २२०० मीटरला ८० ओहम असतील तर १५ आणि १९ फेऱ्यांचे रोहित्र हे काम करते. ४०.६ ओहमसाठी ते न वापरले तरी चालेल, कारण स्थिर तरंग गुणोत्तर १.२३ इतकेच राहते आणि परत फिरणारी शक्ती केवळ एक टक्का असते.

मापक खरे बोलतो, पण पूर्ण बोलत नाही

स्थिर तरंग गुणोत्तर एकास एक दिसले की केंद्र उत्तम चालले आहे, असा समज नवख्या संचालकांत दृढ असतो. वरील उदाहरणात हे गुणोत्तर उत्तम आहे आणि तरीही अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक शक्ती वाया जात आहे. ५० ओहमचा नुसता रोधक केबलला जोडला तर गुणोत्तर तंतोतंत एकास एक येते आणि प्रारण शून्य होते. मेळ म्हणजे प्रवर्धकाची सोय. प्रारणाची हमी त्यातून मिळत नाही.

समजा, या केंद्राच्या संचालकाने जमिनीत आणखी तारा पुरून हानी रोध ४० वरून २० ओहमवर आणला. कार्यक्षमता दुप्पट झाली. १ वॅटच्या मर्यादेसाठी आता १२ वॅट पुरतील. पण मापकावरचे गुणोत्तर १.२३ वरून २.४ च्या पुढे गेले. मापकाकडेच पाहणारा संचालक सुधारणेला बिघाड समजून तारा उपटून टाकील. वास्तविक त्याने १९ आणि १२ फेऱ्यांचे रोहित्र बसविले की काम झाले. याउलट, गुणोत्तर काही दिवसांत आपोआप ‘सुधारत’ गेले तर शंका घ्यावी. बहुधा कोठेतरी सांधा गंजून हानी वाढलेली असते. अँटेनाच्या पायथ्याशी वाहणारा प्रवाह मोजणे हाच भरवशाचा मार्ग, कारण प्रारण रोध उंचीने ठरलेला असतो आणि प्रारित शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मापन प्रवाहाचे करावे आणि गुणोत्तर प्रवर्धकाच्या सुरक्षिततेपुरते पाहावे.

जमिनीचा वाटा

हानी रोधाचा मोठा भाग जमिनीत असल्यामुळे जागेला महत्त्व येते. समुद्राच्या पाण्याची विद्युत वाहकता मीटरला ४ ते ५ सीमेन्स, ओलसर गाळाच्या जमिनीची साधारण ०.०१ ते ०.०३ आणि कोरड्या खडकाळ जमिनीची ०.००१ च्या आसपास असते. गंगेच्या मैदानातील गाळाचा थर खोल आहे. बख्शी का तालाब परिसरात भूसंपर्काची दीड-दोन मीटरची सळई हातोड्याने ठोकता येते. दख्खनच्या पठारावर स्थिती वेगळी. पुणे, सातारा, लातूर या भागांत मातीच्या वा मुरुमाच्या थराखाली काळा पाषाण लागतो आणि सळई तेथेच थांबते. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात चांगली वाहक असते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी सळयांचा नाद सोडून अँटेनाच्या पायथ्यापासून चहूकडे जमिनीलगत तारा पसरविणे इष्ट. जागा लहान असल्यास दोन-चार लांब तारांपेक्षा वीस-तीस आखूड तारा अधिक उपयोगी पडतात. ज्या किल्लारी परिसरात अशा केंद्रांची गरज १९९३ मध्ये प्रकर्षाने भासली, तेथील जमीनच या लहरींना प्रतिकूल आहे.

मात्र गाळाची जमीन मिळाली म्हणून सर्व साधले असे नाही. कमी वारंवारितेच्या अँटेनाभोवतीचे विद्युत क्षेत्र ओल्या झाडांत शिरते आणि तेथे शक्ती खर्च होते. आंब्याची दाट बाग अँटेना टांगण्यास सोयीची दिसते, पण या कामी ती जागा टाळलेली बरी. मोकळ्या शेताच्या मध्यभागी उभी केलेली १० मीटरची तार बागेतील १२ मीटरच्या तारेला मागे टाकू शकते.

जमिनीलगत जाणाऱ्या लहरींनाही मार्गातील वाहक जमिनीचा लाभ होतो. बख्शी का तालाबपासून सीतापूर किंवा बहराइचपर्यंत गाळाचीच सपाट भूमी आहे. वाटेत डोंगर नाही. अशा मार्गावर ४७५ किलोहर्ट्झच्या लहरी दिवसाही क्षितिजापलीकडे जातात. तरीही त्यांची मर्यादा मान्य करावी लागेल. सात किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात आणि एक वॅटच्या मर्यादेत बोलण्याचा निरोप बसत नाही. मोर्स संकेत किंवा संगणकाने पाठविलेले अरुंद अंकीय संदेश, तेही संथ गतीने, एवढेच शक्य होते. पुराच्या वेळी तोंडी बोलावयाचे असेल तर १६०, ८० व ४० मीटरचे पट्टे अधिक कामाचे आहेत. ६३० मीटरवर मेळाचे जे तंत्र हाती बसते ते १६० मीटरला जसेच्या तसे लागू पडते, आणि तेथे त्याच १२ मीटरच्या तारेतून एक तृतीयांश शक्ती प्रारित होते.

पाऊस आला की

मेळ एकदा घातला की कायम राहतो, असेही नाही. पावसात तारा, विद्युतरोधक आणि आसपासची झाडे भिजली की अँटेनाची धारकता वाढते. ती पाच टक्के वाढली असे धरू. ४७५ किलोहर्ट्झला धारकतेचा विरोध १५२० वरून १४५० ओहमवर येतो. कॉइल तीच असल्याने ७० ओहमच्या वर विरोध शिल्लक उरतो, म्हणजे ४० ओहमच्या रोधाच्या जवळपास दुप्पट. अनुस्पंदन १२ किलोहर्ट्झने खाली सरकते, पट्टा मात्र सातच किलोहर्ट्झचा. प्रवर्धकाला ५० ओहमऐवजी भलताच भार दिसू लागतो, ट्रान्झिस्टर तापतो आणि संरक्षक मंडल नसेल तर निकामी होतो. पुराचे निरोप जेव्हा पाठवावयाचे असतात, नेमका त्याच वेळी हा बिघाड होतो.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे व्हेरिओमीटर. मोठ्या कॉइलच्या आत तिच्याशी जोडलेली एक लहान कॉइल फिरती ठेवतात. ती एका दिशेला वळविली की एकूण प्रवर्तकता वाढते, उलट दिशेला वळविली की घटते. या उदाहरणात ५१० मायक्रोहेन्रीवरून ४८६ वर येता आले म्हणजे पाच टक्क्यांचा फरक भरून निघतो. २२०० मीटरला केंद्राची अनुस्पंदन रुंदी दोन किलोहर्ट्झच्या आसपासच असल्याने तेथे व्हेरिओमीटरशिवाय चालत नाही.

हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेमार्फत, लेखी परीक्षेनंतर मिळतो. परीक्षेची तयारी करणाऱ्याला हा मेळ प्रत्यक्ष अनुभवण्यासाठी परवान्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २२० पिकोफॅरडचा उच्च दाबाचा धारित्र आणि ४० ओहमचा रोधक एकसर जोडले की वरील अँटेनाची टेबलावरील प्रतिकृती तयार होते. तिच्यापुढे हाताने गुंडाळलेली कॉइल आणि संकेतजनक लावून, फेरी-फेरीने कॉइल कमी करीत रोधकावरील दाब मोजत जावे. दाब झपाट्याने वाढतो, शिखर गाठतो आणि दोन-तीन फेऱ्यांत पुन्हा कोसळतो. त्या शिखरावर असताना धारित्राला १० पिकोफॅरडचा आणखी एक धारित्र समांतर जोडून पाहावा. पावसाची सर अँटेनाला काय करते ते मापकाच्या काट्यावर दिसेल.